जप्त टेपचा सूट

पुरुषानं एखाद्या बाईबरोबर बाहेर जेवायला जाताना काय घालावं, या विषयातलं ज्यांना ओ की ठो कळत नाही अशा झाडून सगळ्यांनी मला सल्ला दिलेला आहे. सल्ला देणाऱ्यांत एकही असा नव्हता, की ज्याच्याकडे बघून आपणही असे कपडे घालावेत असं वाटावं. माझं स्वतःचं मत विचाराल, तर कपडे धुतलेले असावेत आणि त्यांची सगळी बटणं जागच्या जागी असावीत. यापुढे ज्याला बोलायचं असेल त्याला घरी काम नाही असं खुशाल समजावं.

हे मत मी सत्तेचाळीस वर्षं बाळगलं आणि माझं काही अडलं नाही. माझ्याकडे पाच शर्ट होते, पाचही फिकट पिवळे, आणि चार पँट, चारही करड्या. सकाळी कपाटात हात घालावा, हाताला येईल ते अंगावर चढवावं. डोकं मला ऑफिससाठी लागतं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू, वजनं, लिटरची मापं, मोजपट्ट्या तपासायच्या. बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायच्या. मी बाजारात शिरलो की तराजूंच्या आधी माणसं सरळ होतात. समोर सगळे फार गोड बोलतात. पाठ वळली की काय बोलतात तेही मला ठाऊक आहे, पण त्याचा शिक्क्यावर परिणाम होऊ देत नाही.

तर माझी दाढ दुखायला लागली. डावीकडची, खालची, शेवटून दुसरी.

दाताच्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. आखूड केस, त्यातले पांढरे न लपवलेले, आणि बोलणं असं की एकही शब्द जास्तीचा नाही. नवरा फार पूर्वी दुसऱ्या देशात आणि तिथून दुसऱ्या संसारात निघून गेलेला. ही माहिती बाईंनी दिली नाही. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेल्या पेशंटांनी, मी विचारलेलं नसताना, सुजलेल्या गालांनी दिली. माणसाला आपलं दुखणं पुरत नाही.

खुर्चीत आडवं केल्यावर बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "दुखलं तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबेन. उगाच सहन करत बसायचं नाही, मला बाहेरून कळत नाही."

मी हात वर केला नाही. तीन भेटी झाल्या, त्यांनी दाढेच्या मुळाशी जाऊन काय काय उकरलं, मला डोळ्यांपुढे लहानपणचे मास्तर दिसले, पण हात खुर्चीच्या दांडीवरून हलला नाही. "दुखतंय?" असं त्या मधूनमधून विचारायच्या आणि मी मान हलवून नाही म्हणायचो. माझी सवयच आहे ती. बायको गेली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हाही महिनाभर लोक विचारायला येत होते, आणि मी सगळ्यांना 'काही नाही, ठीक आहे' असं सांगून दारातूनच परत पाठवलं. पुढे ते यायचे बंद झाले. तेव्हा मला त्यात माझा विजय वाटला होता.

तिसऱ्या भेटीत, माझ्या तोंडात कापसाचे दोन बोळे आणि लाळ ओढणारी नळी असताना, बाई म्हणाल्या, "तुमचं काम आज संपलं. आता तुम्ही माझे पेशंट नाही, म्हणून विचारते. हा नाही, पुढचा रविवार. संध्याकाळी साडेसात. चौकातलं ते गच्चीवरचं हॉटेल. माझ्याबरोबर जेवायला याल?"

मी "आँ" म्हणालो.

"हो ना?"

"आँ."

"छान. आता चूळ भरा."

इतक्या मोठ्या प्रश्नाचं इतकं थोडक्यात उत्तर मी आयुष्यात कधी दिलं नव्हतं. घरी येताना दोन वळणं चुकलो. मला बाई आवडत होत्या. लिहायलाच बसलो आहे तर लिहून टाकतो. त्यांचं काम नेटकं होतं, त्या कमी बोलत होत्या, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला जेवायला बोलावलं होतं, तेही माझ्या शिक्क्याशी काही काम नसताना. हे जेवण फसलं तर माझ्यासारख्याला दुसरं कुणी बोलावणार नव्हतं. पुन्हा दवाखान्यात जावं म्हटलं, तर दाढा तरी अशा किती उरल्यात.

यानंतर मी एकच चूक केली. ताईला सांगितलं.

ताई वरच्या मजल्यावर राहते आणि माझं आयुष्य तिथून चालवते. ती तडक खाली आली, तिनं माझं कपाट उघडलं आणि मिनिटभर आत बघत उभी राहिली.

"हे पाच शर्ट आहेत, की एकच शर्ट पाच वेळा आहे?"

"पाच आहेत. क्रमानं घालतो."

"कळतं कसं कुठला कुठला ते?"

"कॉलरच्या आत नंबर घातलेत."

ताईनं कपाळाला हात लावला. "अरे, ती बाई डॉक्टर आहे. तू तिच्यासमोर चार नंबरचा शर्ट घालून बसणार?"

"त्या दिवशी दोन नंबर येतो," मी म्हणालो. हे उत्तर बरोबर होतं. कुणाला बरोबर उत्तराची किंमत राहिलेली नाही, ती गोष्ट वेगळी.

मग भाची आली. भाची एका जाहिरातवाल्या कंपनीत आहे. तिथे ती काय करते ते तिला स्वतःलाही सांगता येत नाही, पण पगारवाढ होत असते. तिनं फोनवर एक लेख काढून वाचून दाखवला. पुरुषानं पहिल्या भेटीला जाताना नीटनेटकं दिसावं, पण आपण प्रयत्न केलाय असं दिसू नये. आत्मविश्वास दिसावा, पण अंगावर येऊ नये. बुटांकडे बायकांचं लक्ष सगळ्यात आधी जातं. मी म्हणालो, या बाईंनी माझं किडलेलं मूळ पाहिलंय, त्या आता बूट बघून काय वेगळं मत बनवणार? भाची म्हणाली, "मामा, तू ना, अशक्य आहेस." हे ती मला दर आठवड्याला सांगते, तरी मी असतोच. आणि खूप प्रयत्न करून प्रयत्न न केल्यासारखं दिसायचं हे जर एवढं अवघड शास्त्र असेल, तर आमच्या खात्यातली निम्मी माणसं ते मधल्या पायऱ्या गाळून रोज करून दाखवतात.

तोवर जिन्यात कुजबुज पोहोचलीच होती. तळमजल्यावरचे टायसाहेब दार न वाजवता आत आले. टायसाहेब म्हणजे विम्याचे निवृत्त एजंट. सकाळी दुधाची पिशवी आणायलासुद्धा टाय लावून जातात, म्हणून हे नाव. खाली लेंगा असतो, पण वर टाय.

"सूट," टायसाहेब म्हणाले. "गडद निळा. दुसरी चर्चाच नको. निळ्या रंगानं समोरच्याचा विश्वास बसतो. मी एकतीस वर्षं निळा घातला."

एकतीस वर्षांत त्यांच्यावर विश्वास बसलेला एकही माणूस या इमारतीत राहत नाही. असला तर तो उघडपणे बोलत नाही. पण ताईनं "सूट!" असा उद्गार काढला आणि भाचीनं टाळी वाजवली. तीन विरुद्ध एक असा माझ्याच घरात माझ्याच अंगाचा निकाल लागला. मला राग आला होता. पण खरं सांगायचं तर आतून कुठेतरी मलाही वाटून गेलं, की सूट घातलेला मी कदाचित मी नसेन, आणि ते बाईंना बरं पडेल.

मंगळवारी संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांकडे गेलो. टायसाहेब देखरेखीला बरोबर. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली: एक शिवणयंत्र, एक कापायचं टेबल, भिंतीवर कापडाचे तागे आणि आरशाला पडलेली उभी चीर, जिच्यामुळे प्रत्येक गिऱ्हाईक दोन भागांत दिसतं. आत समोरच्या इमारतीतल्या मुख्याध्यापिकाबाई पडद्यांचं कापड घेऊन बसल्या होत्या. मास्तरांनी मला शर्ट काढायला लावला. मी बनियनवर, हात फाकवून, दोन भागांत उभा राहिलो.

मास्तरांनी छातीभोवती टेप घातली आणि वहीत लिहिता लिहिता म्हणाले, "छाती अडतीस."

"चाळीस," मी म्हणालो.

"अडतीस आहे साहेब."

"माझी छाती चाळीस आहे. खात्याच्या वैद्यकीय नोंदीत आहे."

"नोंदीत असेल. टेपमध्ये अडतीस आहे." आणि मास्तरांनी कंबर, बाही, खांदा, पँटची उंची अशी सगळी मापं भराभर घेऊन लिहून टाकली.

आता इथे दुसरा कुणीही गप्प बसला असता. माझी पिशवी मात्र नेहमी माझ्याजवळ असते आणि पिशवीत खात्याची पोलादी पट्टी असते. मी बनियनवरच टेबलापाशी गेलो, मास्तरांची टेप पसरली आणि पट्टी शेजारी ठेवली. टेप कापडी, मळकट, कडा झिजलेल्या. वर्षानुवर्षं ओढून ओढून ती ताणली गेली होती. टेपवर जिथे वीस इंच होते तिथे पट्टीवर चांगले एकवीस भरत होते.

"मास्तर, किती वर्षं वापरताय ही?"

"लग्नाच्या आधीपासून."

"वीस इंचात एक इंच खोटी आहे ही."

मास्तरांनी शांतपणे सुई दातांतून काढली. "खोटी कशी? माणूस हिनंच मोजतो, कापडही हिनंच मोजतो. ताणलेली आहे तर दोन्हीकडे सारखीच ताणलेली आहे. आजवर एकाचंही बिनसलं नाही. आणि मीटरवर कापड विकलं तर गिऱ्हाइकाला चार बोटं जास्तच जातं. तक्रार कोण करणार?"

युक्तिवाद बिनतोड होता. म्हणूनच मला जास्त राग आला. नियमात असं कुठेही लिहिलेलं नाही की माप चुकीचं असलं पण फायदा गिऱ्हाइकाचा होत असला तर सोडून द्यावं. शिवाय या मास्तरांनी माझी छाती दोन इंचांनी कमी केली होती, तीही एका मुख्याध्यापिकेसमोर. मी टेप जप्त केली.

जप्ती म्हटली की पंचनामा आला, आणि पंचनामा म्हटला की दोन पंच. टायसाहेब आणि मुख्याध्यापिकाबाई हे पंच. मी बनियनवर उभा राहून तीन प्रतींत मजकूर लिहिला. लांबी, रंग, झीज, कुठे किती फरक, सगळं. मुख्याध्यापिकाबाईंनी सही करण्यापूर्वी त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या. टायसाहेबांनी सहीखाली आपला जुना हुद्दा लिहिला. शेवटी मी मास्तरांची वही ओढली आणि माझी मापं लिहिलेल्या पानावर आडवं लिहिलं: 'पुरावा. या पानावरील नोंदी खोडू अथवा बदलू नयेत.' खाली सही, तारीख. मग शर्ट घातला.

"आणि सूट?" मास्तरांनी विचारलं.

"नवी टेप घ्या, आमच्या ऑफिसातून शिक्का मारून घ्या, मग शिवा."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत कात्री चालवायची नाही."

बाहेर पडताना टायसाहेबांनी टायची गाठ सैल केली. एकतीस वर्षांत ती बहुधा पहिल्यांदाच सैल झाली असावी.

आमच्या ऑफिसात शिक्का मारून घ्यायला कामाचे आठ दिवस लागतात. अर्ज घ्यायचा, टोकन द्यायचं, नंबर येईपर्यंत थांबायचं. ही पद्धत मीच सुरू केली, कारण पूर्वी ज्याचा आवाज मोठा त्याचा तराजू पहिला असं चालायचं. बुधवारी मास्तर नवी टेप घेऊन आले आणि त्यांना टोकन मिळालं. आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "अहो, तुमच्याच सूटचं अडलंय म्हणे. एक टेप तर आहे. मारा शिक्का आणि मोकळे व्हा."

"माझ्या खासगी कोटासाठी सरकारी रांग मोडायची नाही साहेब."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की पुढे कधी माझ्या निरोपसमारंभात भाषण करायची वेळ आली तर काय बोलावं हा प्रश्न त्यांना आत्ताच पडला असावा.

आठ दिवस आमच्या गल्लीत कुणाचं काहीही शिवलं गेलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंच्या खिडक्यांना पडदे नाहीत ते नाहीतच. त्यांची खिडकी माझ्या खिडकीच्या बरोबर समोर. सकाळी मी दात घासत असायचो आणि पलीकडून त्या, पंच क्रमांक दोन, माझ्याकडे बघत असायच्या. ताईशी तीन मजल्यांवरच्या बायकांनी बोलणं कमी केलं. ताईनं ती कसर माझ्याशी जास्त बोलून भरून काढली.

शुक्रवारी दुपारी मास्तरांच्या टेपला शिक्का मिळाला. चार वाजता त्यांचा फोन आला. तेव्हा मी साहेबांच्या समोर बसलो होतो आणि फायलीच्या एका मुद्द्यावर माझं म्हणणं खरं ठरत होतं.

"साहेब, कापायला घेतोय. एक विचारायचं होतं. मापं परत घ्यायची का? ती जुनी मापं..."

"वहीत आहेत ना?"

"वहीत आहेत. पण ती..."

"वहीत आहे ते आहे. नोंद म्हणजे नोंद. त्याप्रमाणे शिवा."

"बरं," मास्तर म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "बरं."

तो दुसरा 'बरं' मी ऐकायला हवा होता.

रविवारी दुपारी ताईनं माझे पाचही शर्ट आणि चारही पँट साबणाच्या पाण्यात भिजवून टाकल्या. "ऐन वेळी कच खाशील म्हणून," ती म्हणाली. मी साडेसहा वाजता, ताईनं आणलेला नवा पांढरा शर्ट आणि खाली लेंगा घालून, टायसाहेबांबरोबर मास्तरांच्या दुकानात गेलो. सूट तयार होता. गडद निळा, अस्तर चकचकीत, काज्यांना कुठे दोरा निघालेला नाही. इतका सुंदर सूट मी पाहिला नव्हता. मी पँट चढवली. ती मांडीपर्यंत आली आणि थांबली. मास्तरांनी आणि टायसाहेबांनी दोन बाजूंनी धरून ती कमरेपर्यंत आणली. मी श्वास सोडून दिला आणि हूक लागला. कोटात एक हात गेला, दुसरा मास्तरांनी घातला. बटण लावल्यावर मी आरशात बघितलं. चिरेच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मी, मनगटं उघडी, घोटे उघडे, आणि पाठ अशी ताठ, की मला कुणीतरी हँगरसकट उचलून ठेवलं असावं.

"हे काय आहे?" मी विचारलं. मोठ्यानं बोलता येत नव्हतं.

"तुमचं माप," मास्तर म्हणाले. त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. "छाती अडतीस, कंबर छत्तीस, बाही तेवीस. माणूस मोजला जुन्या टेपनं. कापड कापलं नव्या टेपनं. जुनी टेप तुमच्याकडे आहे. मापं बदलायची नाहीत, ही सही तुमची आहे. तरी मी फोन केला होता."

मी वहीकडे बघितलं. सही माझीच होती. खाली तारीख, दोन रेघा.

"खरं बघितलंत तर," मास्तर हळूच म्हणाले, "आपल्या नव्या टेपनं हा सूट अगदी बिनचूक आहे. तुमचा शिक्का आहे तिच्यावर."

मास्तरांच्या चेहऱ्यावर मला कुठेही हसू सापडलं नाही, आणि मी नीट शोधलं. उसवून सैल करायला आत कापड ठेवलंय का, असं टायसाहेबांनी विचारलं. अर्धा इंच होतं, आणि वेळ पाऊण तास. घरी जाऊन बदलावं तर माझा सगळा संसार बादलीत. टायसाहेबांनी आपल्या गळ्यातला टाय काढून माझ्या गळ्यात बांधला आणि म्हणाले, "पुढून छान दिसताय. वळू नका."

बसणं शक्य नव्हतं म्हणून चालत निघालो. पावलं वीतभर पडत होती. खिडकीतून मुख्याध्यापिकाबाईंनी पाहिलं. पडदे असते तर त्यांनी ते बाजूला केले असते. चौकात तो भाजीवाला होता, ज्याचा तराजू मी गेल्या वर्षी उचलून नेला होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अगदी आदरानं विचारलं, "काय साहेब, माप कमी भरलं का?" आजूबाजूचे सगळे दुकानदार हसले. नऊ दुकानं, नऊही माझ्याकडून शिक्का मारलेली. मला परत फिरावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण बाई वाट बघत असतील एवढंच डोक्यात होतं, आणि शिवाय त्या पँटमध्ये मागे वळायला फार वेळ लागला असता.

हॉटेलचे तीन मजले मी खेकड्यासारखा आडवा चढलो. वर पोहोचलो तेव्हा सात अठ्ठेचाळीस झाले होते.

बाई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या. अंगात साधे, रोजचेच वाटावेत असे कपडे आणि पायात दवाखान्यातलेच ते मऊ बूट. मी समोर बसलो, म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकलो.

"सूट?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मी तो पिवळा शर्ट शोधत होते. माझ्या ओळखीचा तोच आहे. वरून दिवा लावला की तेवढाच दिसतो."

यावर माणसानं हसायला हवं होतं. मला हसायलाही जागा नव्हती. मी म्हणालो, "हां." सूप आलं. मी चमचा उचलला, आणि तो ओठांच्या खाली वीतभर अंतरावर थांबला. कोपर त्याच्या पुढे वाकत नव्हतं. मी चमचा परत ठेवला.

"घेत नाही?"

"भूक नाही."

"बरं वाटत नाहीये का?"

"काही नाही. ठीक आहे."

त्यांनी दवाखान्याबद्दल एक गंमत सांगितली. मी "हां" म्हणालो. त्यांनी माझ्या कामाबद्दल विचारलं. मी म्हणालो, चालू आहे. माझ्या मानेवर टायसाहेबांचा टाय, काखेत शिवण, पोटात हूक, आणि सगळं लक्ष त्या तिघांना सांभाळण्यात. बाईंनी आपलाही चमचा खाली ठेवला.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "तोंडात नळी असताना कुणाला असं विचारू नये. तुम्हाला नाही म्हणता आलं नसेल. तुम्ही भिडेखातर आलात. रागवू नका, सूप संपलं की निघू या आपण."

त्या हसून बोलत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. मी तोंड उघडलं आणि मला ऐकू आलं की मी आता पुन्हा 'काही नाही' म्हणणार आहे. जिभेवर आलेलंच होतं ते. नऊ वर्षं तिथेच बसलेलं असतं. दारात आलेली माणसं परत जाताना कशी दिसतात ते मला माहीत होतं. समोर तसाच चेहरा होता.

मी डावा हात वर केला.

काखेपासून कमरेपर्यंत शिवण गेली. मोठा आवाज झाला. चांगलं कापड फाटताना होतो तसा, सावकाश आणि लांब. सगळ्या गच्चीनं माना वळवल्या. वाढणारा माणूस हातात ब्रेडची टोपली घेऊन होता तिथेच उभा राहिला. माझा हात वरच होता. निळ्या कोटाच्या फटीतून चकचकीत अस्तर बाहेर आलं होतं.

बाईंनी माझ्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तीन भेटींत एकदाही वर केला नव्हतात," त्या म्हणाल्या.

"नव्हता."

"कुठे दुखतंय?"

"सगळीकडे," मी म्हणालो. "काखेत सगळ्यात जास्त. हा सूट माझाच आहे पण माझ्या मापाचा नाही, आणि त्याला मीच जबाबदार आहे, पंचनामा आहे त्याचा. मला भूक लागली आहे. दुपारपासून जेवलो नाही. आणि मी भिडेखातर आलो नाही. मला यायचं होतं. बारा दिवस मी दुसरं काही केलेलं नाही."

हे सगळं मी एका श्वासात बोललो. शिवण गेल्यामुळे श्वास आता खालपर्यंत जात होता. बाईंनी माझा सुपाचा वाडगा माझ्या डाव्या हाताशी सरकवला. मी हात खाली घेतला, चमचा उचलला, आणि तो थेट तोंडापर्यंत गेला. सूप गार झालं होतं. मी ते सगळं संपवलं. मग त्यांना टेपची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि मास्तरांच्या दुसऱ्या 'बरं'पाशी त्या इतक्या हसल्या, की त्यांच्या मागच्या दाढा दिसल्या. एक चांदीनं भरलेली होती. तेवढ्यापुरते आम्ही सारखे झालो.

"आणि उजवीकडे?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. "तिकडे नाही दुखत?"

आमच्या खात्यात एक पारडं मोकळं आणि एक अडकलेलं असा तराजू पास करत नाहीत. मी उजवा हातही वर केला.